सासूच्या लुगड्यातला बडग्या

मागच्या महिन्यात माझ्या नातीनं स्वतःचा मोबाईल गव्हाच्या कोठीत पुरला. मी दळणासाठी गहू काढायला गेले तर कोठी आतून गुरगुरत होती. उंदीर समजून मी लाटणं उचललं.

"राहू दे आजी," नात म्हणाली, "तिथंच मरू दे त्याले."

तिच्या वर्गातल्या पोरांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. तिच्या फोटोला कधी गाढवाचे कान लावायचे, कधी म्हशीची शिंगं, आणि रोज सगळा वर्ग त्यावर हसायचा. शाळेनं पालकांना बोलावलं. एका सरांनी पडद्यावर चित्रं दाखवत भाषण दिलं. उत्तर देऊ नका, आलेलं सगळं पुरावा म्हणून ठेवा, मोठ्यांना सांगा, तक्रार करा. मी शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकलं. सगळं बरोबरच होतं. आम्ही तक्रार केली आणि ती पोरं सरळही झाली. पण सर म्हणाले की हे सगळं मोबाईल आल्यापासून सुरू झालं, तेव्हा मला हसू आलं. पुढच्या खुर्चीवरच्या बाईनं वळून पाहिलं, तरी ते थांबेना.

आमच्याकडे मोबाईल नव्हता. भिंत होती.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट आहे. नवरा मिलमध्ये पाळीवर जायचा आणि मी घराच्या ओट्यावर सकाळी तर्री-पोहे विकायची. नागपूरबाहेरच्या माणसासाठी सांगते, पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा ओततात, ती तर्री. खाणाऱ्याच्या नाकातून पाणी येतं, कानातून वाफ येते आणि तो दुसरी प्लेट मागतो. माझी तर्री चांगली होती. रस्त्यानं जाणारी माणसं मला तर्रीवाली म्हणायची आणि मी ओ द्यायची.

मुलगी नववीत होती. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. शाळा सुटली तेव्हा मला आनंदच झाला होता, कारण आमचे गुरुजी हातावर रूळ मारायचे. तेव्हा शिक्षणासाठी मी जन्मभर झुरले असं कुणी समजू नये. मुलीला शिकवायचं मी ठरवलं, त्याचं कारण साधं होतं. तिला पोहे जमत नव्हते. भिजवले तर लगदा करायची, कमी भिजवले तर कोंडा. अशा मुलीच्या हातात झारा देण्यापेक्षा पुस्तक दिलेलं बरं. आणि पुस्तकात ती खरंच हुशार होती. भूमिती म्हणून काहीतरी असतं, त्यात तिला पैकीच्या पैकी मिळायचे. ते काय असतं ते मला आजही ठाऊक नाही.

सासूचं मत वेगळं होतं. सासू मौद्याची, नागपूरजवळच्या गावची. तिच्या भाच्याचा मुलगा लग्नाचा होता, घरी शेती, दारात बैलजोडी, आणि आमची मुलगी त्यांच्या नजरेत होती. नवरा मधे उभा होता. तो म्हणायचा, "शाळेत जाऊन राहिली तवर जाऊ दे. ज्या दिवशी शाळा सोडन, त्या दिवशी मौद्याले होकार." म्हणजे मुलगी शाळेत जाते तोवर वाचलेली. एवढा सरळ हिशेब होता.

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात तिच्या डब्यातून तर्री गळली. दप्तरात गळली आणि थेट इतिहासाच्या पुस्तकात शिरली. पानं तेलानं अशी पारदर्शक झाली की एका पानावरून दोन्ही बाजूंचा इतिहास एकदम वाचता यायचा. शेजारच्या बाकावरची मुलगी नाकाला ओढणी लावून म्हणाली, "काय वं, तूच तर्री आहे का?"

झालं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'तर्री'. तिसऱ्या दिवशी तिच्या बाकावर, मग शाळेच्या फाटकावर, सायकलच्या स्टँडवर, मुतारीच्या दारावर. मग आमच्या घरासमोर महापालिकेच्या पाण्याच्या टाकीची लांबलचक भिंत होती, तिच्यावर. ती पुसून यायची तोवर कुणीतरी पुन्हा लिहायचं. आणि ती रस्त्यानं चालली की कुठल्यातरी भिंतीमागून बारीक आवाज यायचा, "तर्रीऽऽ!" वळून पाहावं तर सगळे आभाळ बघत उभे.

तिनं मला सांगितलं तेव्हा मी कांदा चिरत होते. मी हसले.

"मंग खोटं काय आहे? तर्री तं आपन विकतोच."

"तू विकतं, माय. तुह्या धंद्याचं नाव आहे ते. माह्यं नाव नाही ते."

"नावानं काय अंगाले भोकं पडतात?"

"तुले नाही समजत. कोनी नुसतं हसलं तरी मले वाटते मलेच हसून राहिलं. मागच्या बाकावर कोनी खोकललं तरी वाटते."

मला खरंच समजत नव्हतं. मला कुणी तर्रीवाली म्हटलं की गिऱ्हाईक आलं एवढंच कळायचं. पण पोरगी वासाच्या मागे लागली. सकाळी शिकेकाई, संध्याकाळी रिठा, मधल्या वेळी संत्र्याच्या वाळक्या सालींचं पीठ. तेवढ्यानं भागेना म्हणून तिनं बापाची दाढीची तुरटी अंगाला घासली आणि सासूच्या देवाचं चंदन संपवलं. ती घरात फिरली की मागून देऊळ, न्हाव्याचं दुकान आणि फळबाजार एकदम चालल्यासारखं वाटायचं. सासू म्हणाली, "हिच्यापरीस तर्रीच बरी होती वं."

मग मी शाळेत गेले. कमरेला झारा खोचलेला तसाच राहिला होता, ते मला तिथं गेल्यावर कळलं. मोठ्या बाईंनी सगळा वर्ग उभा केला.

"कोणी लिहिलं?"

सगळे छताकडे बघायला लागले. इतकं मन लावून बघत होते की मोठ्या बाईंनीही एकदा वर पाहिलं.

मी म्हटलं, "बाई, हात दाखवायले सांगा. खडू लागलेला असन."

सगळ्यांनी हात पुढे केले. सगळ्यांचे हात स्वच्छ होते, कपड्याला पुसून लाल झालेले. पांढरे हात फक्त मोठ्या बाईंचे निघाले. मागच्या रांगेतून फस्सकन हसू फुटलं आणि वर्ग सुटला.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या भिंतीवर दोन नावं होती. एक 'तर्री', दुसरं 'तर्रीची माय', शेजारी हातात झारा घेतलेली बाई काढलेली.

नवरा चिडला. पाळीवरून येताना त्याला भिंतीजवळ एक पोरगा दिसला. यानं मागून जाऊन त्याच्या कानशिलात दिली. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा होता हे खरं, पण तो लिहीत नव्हता. कसली घाई होती ते सगळ्या रस्त्याला दिसलं. त्याची आई दुपारभर आमच्या ओट्यासमोर उभी राहून बोलली, आणि बोलता बोलता पोहेही खाऊन गेली.

शेवटी मी दिवाळीचा उरलेला चुना कालवला आणि टाकीची भिंत स्वतः पांढरी केली. गिऱ्हाइकं ओट्यावर बोंबलत होती, मी कुंचा चालवत होते. भिंत अशी लखलखीत झाली की माझं मलाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून पाहते, तर त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर कोळशानं काढलेलं भलंमोठं चित्र. दोन वेण्यांची मुलगी गंजात, म्हणजे तर्रीच्या मोठ्या पातेल्यात, बसलेली, डोक्यावर झाकण, झाकणाखालून वाफ निघालेली. तवंग दाखवायला विटकरीचा तुकडा घासला होता. चित्र चांगलं होतं. खोटं कशाला बोलू? आधीच्या मळक्या भिंतीवर इतकं उठून दिसलं नसतं.

तेव्हा मी ठरवलं की आता काही करायचं नाही, नुसतं बघायचं. भिंत आमच्या ओट्यासमोरच होती. मी पोहे परतत बघत राहिले. मला एक चोर पकडायचा होता. त्याला धरला की झोडपून काढायचं आणि विषय संपवायचा, असा माझा बेत.

आधी शाळेची एक मुलगी आली, इकडेतिकडे पाहून तिनं चित्रातल्या मुलीच्या नाकातून पाणी काढलं आणि गेली. मग एक सायकलवाला पोरगा, त्यानं न उतरताच विटकरीचा एक फराटा मारला. मग दोघी हातात हात घालून आल्या, काही लिहिलं नाही, नुसत्या पोट धरधरून हसल्या. मग माझ्याच ओट्यावर प्लेट संपवून गेलेले एक चष्मेवाले बाबू, चांगले पिकल्या केसांचे, कचेरीत जाणारे. ते चित्रासमोर थांबले, खिशातून पेन्सिल काढली आणि गंजाला कान काढून दिले. गंजाला कान राहिलेच होते, ते त्यांना बघवलं नसावं.

मी झारा खाली ठेवला. मी चोर शोधत होते आणि ही तर जत्रा निघाली. एकाला धरून कुटता येतं. जत्रेला कसं कुटणार? आणि जत्रेतल्या कुणालाच आपण काही केलंय असं वाटत नव्हतं. एकानं नाक काढलं, एकानं कान काढले, बाकीच्यांनी तर काहीच केलं नाही, नुसतं हसले. लिहिणारे थोडे होते, हसणारेच फार. आणि पोरीला जे लागत होतं ते हसणं लागत होतं. खडूचं काय, पाऊस आला की जातो. मोबाईलवाल्या सरांनी बाकी सगळं सांगितलं, या हसणाऱ्यांबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

पोळ्याच्या आधी पोरीनं शाळा बंद केली. सकाळी पोट दुखायचं, दहा वाजले की थांबायचं. नवऱ्यानं थोडे दिवस पाहिलं, मग म्हणाला, "नाही जात तं नको जाऊ. पोळा झाला की मौद्याले सांगतो." सासूनं लगेच भाच्याला निरोप धाडला, पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी ये, मारबतही बघशील आणि पोरगीही. पोरगी आतल्या खोलीत तोंड फिरवून पडून राहिली. मी तिला म्हटलं, "शाळेत जा म्हनत नाही मी. पन मौद्याले पोहे करा लागतीन, ते तुले जमत नाही, ध्यानात ठेव." तिनं चादर डोक्यावर ओढली. पण पाडव्यानंतरच्या पहिल्या सकाळी ती दप्तर उचलते की नाही, यावर तिचं सगळं ठरणार होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आता मारबत म्हणजे काय ते सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मोठमोठ्या मूर्ती वाजतगाजत निघतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात, म्हणजे त्यांच्यासोबत गावाची पीडा जाते. त्यांच्या मागून बडगे निघतात. बडगे म्हणजे गवताचे, चिंध्यांचे पुतळे. ज्याचा राग असेल त्याचा बडग्या करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि ओरडत न्यायचा. महागाईचा करतात, पुढाऱ्याचा करतात. एकानं पीडेचं नाव ओरडायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "घेऊन जा गे मारबत!" गल्लोगल्लीची पोरंही आपापले लहान बडगे करतात आणि त्यासाठी घरोघर जाऊन फाटकं-तुटकं मागतात.

आमच्याकडेही मागायला आली होती. "काकू, काही द्या वं, बडग्या करून राहिलो." मी बूड गेलेला एक गंज दिला आणि दांडी मोडलेला झारा. सासू कधी कुणाला सुपारीचं खांड देत नसे, पण त्या दिवशी तिला काय झालं कोण जाणे, तिनं आपलं हिरवं लुगडं दिलं. उंदरांनी पदर खाल्ला होता म्हणून दिलं असेल. ते लुगडं सगळ्या रस्त्याच्या ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं सासू तेच नेसून ओट्यावर बसायची, आणि मागच्या बाजूला पिवळ्या कापडाचं ठिगळ होतं, मीच लावलेलं.

पाडव्याच्या दिवशी सकाळपासून रस्त्याला पूर आला. कन्हान, मौदा, कुठून कुठून माणसं मारबत बघायला उतरलेली. माझ्या कढईला उसंत नव्हती. सासू खाटेवर बसलेली, शेजारी तिचा भाचा, मुलाचा बाप, पांढऱ्या टोपीतला जाडजूड माणूस. त्याच्या हातात पोह्यांची प्लेट होती आणि तो तर्री आणखी मागत होता. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. पोरगी आत, दार लोटून.

तेवढ्यात आमच्या रस्त्याची पोरं आली. पुढे शाळेतलाच एक लांबडा पोरगा तेलाचा डबडा गळ्यात अडकवून वाजवत होता, मागे पोट्ट्यांचा लोंढा, कडेनं वर्गातल्या मुली. डबडा थांबला की आरोळी, आरोळी झाली की उत्तर.

"तर्रीचा वास!"

"घेऊन जा गे मारबत!"

"तर्रीचं दप्तर!"

"घेऊन जा गे मारबत!"

आणि खांद्यावर बडग्या. डोक्याच्या जागी भोपळा, सुतळीच्या दोन वेण्या, वेण्यांना शाळेच्या लाल रिबिनी. कमरेवर माझा बूड गेलेला गंज, हातात माझाच झारा. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, 'मी तर्री'. आणि अंगात हिरवं लुगडं, मागे पिवळं ठिगळ.

माझे दोन्ही हात पोह्यात. काय करावं सुचेना. पण सासूला वाचता येत नव्हतं. तिनं पाटी पाहिली नाही, तिनं लुगडं पाहिलं. खाट करकरली.

"अवं माय! हे तं मीच!"

भाचा म्हणाला, "आत्या, बस नं."

"काय बस? मी जिती असून मले जाळायले नेऊन राहिले हे! काहून बे? काय खाल्लं मी तुमचं?" आणि सासू खाली उतरून थेट लोंढ्यात शिरली. तिनं बडग्याचा पाय धरला. पोरांनी हात धरले. भोपळा डुलायला लागला, पायातून तणस गळायला लागलं.

"आजी, सोडा नं, तुम्ही नाही हो ते," डबडेवाला काकुळतीला आला.

"मी नाही तं कोन आहे? लुगडं माह्यं, कंबर माह्यासारखी! कोन आहे सांग!"

आणि काय मजा! कुणी सांगेना. फाटकावर, स्टँडवर, मुतारीवर लिहिणारी ती पोरं, पण एका म्हातारीच्या तोंडावर एक नाव निघेना. एकमेकांना ढोसत होते. "तू सांग बे." "मी काहून? तू सांग." पुन्हा सगळे आभाळाकडे. भाचाही आभाळाकडे बघायला लागला, त्याला वाटलं वर काही आहे.

तो गोंधळ ऐकून पोरगी बाहेर आली. सासू पडेल, कुणाच्या पायाखाली येईल, या धास्तीनं ती केस मोकळे तशीच धावली आणि आजीला कमरेत धरून ओढायला लागली. म्हणजे दृश्य असं, बडग्याला सासू ओढतेय, सासूला नात ओढतेय, पलीकडून अख्खी पलटण ओढतेय. मग पोरीची मान वर गेली आणि तिला पाटी दिसली.

मागून एक बारीक आवाज आला, "तर्री आली रे!" हसण्याची लाट उठली.

सासू गरकन वळली. "कोन बोललं? सामोर ये!" कुणी येईना. मग ती नातीवरच उखडली. "अन् तू काय मूग गिळून उभी आहे वं? आजीले जाळून राहिले अन् पोरीच्या तोंडात भाषा नाही! बोल काही!"

डबडेवाल्या पोराला काय करावं कळेना तेव्हा त्याच्या हातांनी जे येत होतं ते केलं. डबडा वाजवला. ढण ढण ढण, आणि सवयीनं थांबला. आरोळीची जागा मोकळी पडली.

आणि त्या मोकळ्या जागेत आमची पोरगी ओरडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला, जन्मदात्रीलाही ठाऊक नव्हतं.

"सहामाहीचा पेपर!"

"घेऊन जा गे मारबत!" सगळी पोरं एकमुखानं. कोण ओरडलं हे कळायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी. त्यांच्या तोंडांना आरोळी लागत होती, कुणाची ती नव्हे.

डबडा पुन्हा वाजला.

"शनिवारची कवायत!"

"घेऊन जा गे मारबत!"

"मोठ्या बाईंची छडी!"

आता तर मुलीही ओरडल्या. नाकाला ओढणी लावणारी ती बाकावरची मुलगी सगळ्यात जोरात. मधेच तिला आठवलं की आपण कुणाच्या मागे ओरडतोय, तिचं तोंड मिटलं, पण पुढची आरोळी "संस्कृतचं पाठांतर" अशी आली, आणि ते तिचंही दुखणं असावं, तिचं तोंड पुन्हा उघडलं. सासूचं भान हरपलं, बडग्याचा पाय हातातून सुटला. तिनंही हात वर केला.

"सुनेची जीभ!"

"घेऊन जा गे मारबत!"

मी काय गप्प बसते? मी ओट्यावरूनच झारा उगारला. "सासूची तपकीर!"

"घेऊन जा गे मारबत!"

"सुनेचा ठसका!"

"सासूची किरकिर!"

गिऱ्हाइकंही उठली. "सायबाचा मेमो!" एक जण प्लेट हातात घेऊन ओरडला. "बायकोचा भाऊ!" दुसरा. "नवऱ्याचं घोरनं!" ही शेजारच्या खिडकीतून, मागे दुपारभर भांडायला आलेली तीच बाई. कुणीतरी ओरडलं, "पोह्यातले खडे!" त्यावर मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं की माझ्या पोह्यात कधी खडा निघाला ते दाखव, तर तो गर्दीत लपला. आणि ते चष्मेवाले बाबू, गंजाला कान काढणारे, तेही तिथं होते. त्यांनी चष्मा काढून, डोळे मिटून, "मलेरियाऽऽ!" अशी आरोळी दिली. घरात कुणी तापानं पडलेलं असावं.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं नव्हे. पोरगी मधे उभी, केस मोकळे, गालांवर रंग, डबड्याकडे बोट करून ठेका वाढवतेय. डबडेवाला तिच्या बोटाकडे बघून वाजवतोय. तिनं एकदा ओट्याकडे पाहिलं. पांढऱ्या टोपीतल्या त्या माणसाकडे पाहिलं. पोटभर श्वास घेतला.

"मौद्याचं स्थळ!"

"घेऊन जाऽऽ गे मारबत!"

सगळ्यात मोठं उत्तर याला मिळालं. पोरांना मौदा काय, स्थळ काय, काही माहीत नव्हतं. आणि सगळ्या लोंढ्यात सगळ्यात वरचा आवाज माझ्या सासूचा होता. हात वर, डोळे बंद. आवाज विरला, डोळे उघडले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काय म्हटलं वं मी?" ती मला विचारत होती.

"स्थळ घेऊन जा म्हटलं तुम्ही. सगळ्यांनी ऐकलं."

भाच्याच्या तोंडात घास तसाच होता. त्यानं तो गिळला. पाणी प्यायला. टोपी नीट केली. मला वाटलं आता उठून तमाशा करतो. पण माणूस बरा होता. तो म्हणाला, "आत्या, पोरगी चांगली आहे. पन आमच्या घरी एवढा आवाज झेपायचा नाही. आमचे बैल बुजतीन." आणि आणखी एक प्लेट खाऊन, तर्री वाढवून घेऊन, तो बसस्टँडकडे गेला.

बडग्या जाळायला नेलाच. लुगडं सासूनं परत मागितलं नाही, म्हणाली, "जाऊ दे, ठिगळ बेकार होतं," हा टोमणा मला. पाटी मात्र पोरीनं सगळ्यांसमोर ओढून काढली आणि माझ्याकडे फेकली. मी ती चुलीत घातली. पुठ्ठा चांगला जाड होता, चहा होईपर्यंत पुरला.

नवरा पाळीवरून आला तेव्हा टाकीपासून घरापर्यंत त्याला पाच-सहा जणांचं सगळं सांगून झालं होतं, प्रत्येकानं वेगवेगळं. तो खाटेवर बसला. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"होकार कोनाले देऊ आता?" तो म्हणाला. "स्थळच गेलं. भर रस्त्यात ओरडनारी पोरगी. हिले आता घेईन कोन?"

"मास्तरीन होऊ दे," मी म्हटलं. "तिथं ओरडायचा पगार भेटते."

त्यानं चपला काढून खाटेखाली सरकवल्या. मग म्हणाला, "शाळेत जाते का इचार."

"तुम्हीच इचारा. तुमची पोरगी आहे."

त्यानं आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं. आतून उत्तर आलं, "हाव." एवढंच. मग थोड्या वेळानं, "पन डब्यात पोळी पाहिजे. पोहे नाही."

यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. 'तर्री' हे नाव तिला दहावी होईपर्यंत होतं. पण आता ते तोंडावर म्हणायचे, आणि तोंडावर म्हटलं की तिला तोंडावर उत्तर देता यायचं. उत्तरं ती माझ्यासारखी द्यायची. भिंतीवरचं चित्र पावसानं गेलं आणि पुन्हा कुणी काढलं नाही. काढणाऱ्याचा हात चांगला होता, त्यानं पुढे काय केलं कोण जाणे. मोबाईलला मारबत नसते हे मलाही समजतं. तिथं पोलिसांत जावं लागलं तर जावं.

त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी दप्तर घेऊन निघाली. टाकीजवळ कुणीतरी खाकरलं. तिनं थांबून मागे वळून विचारलं, "काय बे, खोकला झाला का? सामोर ये, औषध देतो." कुणी आलं नाही. ती पुढे गेली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी काही तिला बघत बसले नाही. कढईत मोहरी तडतडत होती आणि ओट्यावर गिऱ्हाईक होतं.